जागा झाली तर

तात्यांचा गुडघा सकाळी टम्म सुजलेला निघाला आणि नेपाळला निघालेल्या गाडीत एक सीट रिकामी झाली.

दापोड्याच्या गोडाऊनच्या आवारात गाडी धुऊनपुसून उभी होती. तात्यांचा मुलगा धनेश वाकून चाकांखाली लिंबं ठेवत होता. देशाबाहेर गाडी न्यायची ही घरातली पहिलीच वेळ, म्हणून एकेका चाकाला दोन-दोन. वाकल्या वाकल्या त्याला समोर बूट दिसले. पॉलिश केलेले. त्याने मान वर केली नाही.

“शेठ, तात्या नहीं जा रहे ना?” गेटवरच्या वॉचमनने, खडकने विचारलं. आज तो वर्दीत नव्हता. धुतलेला शर्ट, हातात पिशवी. “मग जागा झाली.”

खडकची आई तिकडे नेपाळच्या डोंगरात अन्न सोडून पडली होती. गोरखपूरच्या गाडीचं तिकीट काही केल्या मिळत नव्हतं. मला फक्त बॉर्डरपर्यंत सोडा, पुढचं मी बघतो, एवढंच त्याने मागितलं होतं. धनेशने सुट्टी दिली होती आणि वर म्हणाला होता, “जागा झाली तर नेऊ की.” पाच सीट, पाच माणसं. जागा होणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मन एवढं मोठं झालं होतं.

“थांब जरा,” धनेश म्हणाला आणि घरात शिरला.

रीमा थर्मासात चहा ओतत होती. नवऱ्याचं तोंड बघूनच तिला कळलं. “मी न् दिशा मागं, आनि तो आमच्या मांडीला मांडी लावून? बॉर्डरपर्यंत? मला न्हाय जमायचं. तुमी सांगा त्याला.”

बायकोवर ढकलायला धनेशला बरं झालं. पण ज्याची आई मरायला टेकलीय त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? तेवढी छाती त्याला नव्हती. मग त्याला बॅगा दिसल्या. ही अक्कल रीमाची नव्हती. धनेशचीच.

तो बाहेर आला. “खडक, सामान काढ रे घरातलं. लय झालंय.”

खडकने आपली पिशवी भिंतीला टेकवली आणि पळतच कामाला लागला. मोठी बॅग उचलून तो डिकीकडे निघाला.

“तिकडं न्हाय. मागच्या सीटवर ठेव.”

खडक क्षणभर थांबला. डिकीचं दार उघडं होतं. आत एक चटई आणि हवा भरायचा पंप, बस्स. त्याने आत पाहिलं, धनेशकडे पाहिलं नाही. बॅग सीटवर ठेवली. तिच्यावर दुसरी. शेजारी पाण्याचा बॉक्स, वर तांदळाची पिशवी. वळणावर कलंडू नये म्हणून फटीत उशी कोंबली. आपली जागा त्याने आपल्याच हाताने भरली, आणि नीट भरली.

“पप्पा, डिकी तर पूर्ण रिकामी आहे,” आत बसलेली दिशा म्हणाली.

“तू गप बस.”

“अगं, डिकीत नेपालची शॉपिंग यायचीय तुझ्या आयशीची,” धनेशचा मेव्हणा हरेश पुढच्या सीटवरून म्हणाला आणि स्वतःच हसला.

ओट्यावर पाय लांब करून बसलेल्या तात्यांना यातलं काही दिसत नव्हतं. ते तिथूनच ओरडले, “धन्या, माझ्या जाग्यावर खडकला घे ना! त्याची आय आजारी हाय.”

आता सगळे धनेशकडे बघू लागले.

“तात्या, बॉर्डरला लफडा होतो,” धनेश म्हणाला. “परदेशी मानूस गाडीत दिसला तर पोलिस सतरा सवाल करतात.”

“परदेशी? आरं, तो त्याच्या घरी चाललाय. परदेशी तर तुमी होनार!”

हरेश खो खो हसला. खडकही थोडा हसला, शेठच्या घरच्या विनोदाला हसावं तसा. धनेशचे कान तापले. बॅगा डिकीत टाकायला असा कितीसा वेळ लागला असता? पण आता उतरवायच्या, तर मुळात चढवल्या कशाला, ते सांगावं लागलं असतं. चौघांसमोर. मुलीसमोर. त्यापेक्षा निघालेलं बरं.

त्याने घाईघाईने नारळ फोडला. पाणी स्वतःच्या बुटावर उडालं, ते पुसलंही नाही. स्टिअरिंगला बसून त्याने बटण दाबलं.

टुंग. टुंग. टुंग.

समोरच्या पडद्यावर गाडीचं चित्र उमटलं. मागच्या सीटवर एक छोटासा लाल माणूस.

“बेल्ट लावा गं,” धनेश खेकसला.

“लावलाय आम्ही,” दिशा म्हणाली. “दोघींनी.”

हरेश पडद्यावर वाकला. “दाजी, तिसरा हाय. वजन पडलंय ना सीटवर. गाडीला वाटतंय कोनी तरी बसलंय.”

टुंग. टुंग. टुंग. रीमा खिडकीबाहेर बघत राहिली. दिशा बापाच्या मानेकडे. बटणं दाबून आवाज बंद होईना.

मागचं दार उघडलं. खडकने आत वाकून पट्टा ओढला, बॅगांच्या पोटावरून फिरवला, उशी जराशी सारखी केली आणि खट्कन अडकवला.

“घाट लागेल, शेठ,” तो म्हणाला. “सावकाश न्या.”

त्याने दार हलकेच लावलं. पडद्यावरचा लाल माणूस विझला.