पुढच्या सीटचा परवाना

वार्षिक तपासणीत चौगुले नवरा-बायकोची दोन सीटची विजेची जोडसायकल सगळ्यांदेखत खरं बोलली. "पुढचे पाय नुसतेच फिरतात. जोर सगळा मागच्या पायांचा."

कायदा साधा होता. पुढच्या सीटवरचा माणूस जोर लावत असेल तर ती सायकल, नाहीतर मोटार. आणि मोटारीचा परवाना सत्तरीपुढे कुणाला मिळत नसे.

"म्हणजे जप्त करणार?" पुढच्या सीटवरच्या चौगुल्यांचा चेहरा पडला. रंकाळ्याची संध्याकाळची फेरी चुकली, की त्यांना जेवण गोड लागत नसे.

"जप्त कशाला, काका? जोर काकूंचा, तर सायकलचा परवाना काकूंना. फक्त पुढं त्या बसतील," निरीक्षक मॅडम म्हणाल्या.

चौगुले बायकोकडे वळले. "अगं, कधी बोलली नाहीस!"

"बोलले असते, तर गुडघ्यांचं निमित्त करून फिरायचंच सोडलं असतं तुम्ही," शकूताई म्हणाल्या आणि पुढं बसल्या.

रस्त्याला लागताच मागून ओरडा झाला, "खड्डा, खड्डा!"

"दिसला ओ! इतकी वर्षं तुमची पाठच बघत आले. आता जरा रस्ता बघू द्या की."

मग चौगुल्यांनी दोन्ही हातांनी शकूताईंची कंबर धरली. कायद्यात तशी सक्ती नव्हती.