काळी लोकर

डोळ्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "घरी नको. आधी लोकरीच्या दुकानात चल."

लेकीने गाडी वळवली. आईची नजर हळूहळू जाणार, औषधाने फार तर ते लांबवता येईल, असं डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून लेकीच्या मनात तेच घोळत होतं. आई मात्र गाडीत बसल्याबसल्या पर्समध्ये हात घालून पेपरमिंटची गोळी शोधत होती. ऐकलेलं तिच्या डोक्यात शिरलंच नसावं, असं लेकीला वाटलं.

दुकान अरुंद आणि खोल होतं. दारापाशी पांढरी लोकर, मग पिवळी, मग लाल, निळी, अशी लावत लावत शेवटच्या कपाटात काळी. मधे एक लांब टेबल आणि खुर्च्या. इथली रीत अशी, की घेण्याआधी बसून चार ओळी विणून बघायच्या. हाताला पटली तर घ्यायची, नाही तर उसवून गुंडा परत ठेवायचा. आई इथलं जुनं गिऱ्हाईक. नवख्या बायका दुकानदारणीला सोडून तिलाच सल्ला विचारायच्या, आणि तीही कुणाची भीडभाड न ठेवता द्यायची. लेकीला मात्र यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पुढच्या सुट्टीत शिकते, असं म्हणता म्हणता तिच्या स्वतःच्या मुलांच्या सुट्ट्या संपल्या होत्या.

आई थेट शेवटच्या कपाटाशी गेली.

"काळी दे गं. बारीक."

दुकानदारीण हसली. "काकू, काळी? तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, चष्मा लागला की काळ्याच्या वाटेला जाऊ नका. टाका दिसत नाही त्यात."

"म्हणूनच दे."

लेकीला राहवलं नाही. "आई, जाड घे एखादी. पांढरी घे, पिवळी घे. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"डोळे बिघडलेत माझे, कान नाही," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

तिने सुईवर टाके घातले. पहिली ओळ खाली बघून विणली. मग मान वर केली, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि भिंतीकडे बघतच विणू लागली. सुया टिकटिकत राहिल्या. तिसऱ्या ओळीत एक टाका सुईवरून घसरला. दुकानदारणीच्या ते लगेच लक्षात आलं. तिने हात पुढे केला.

"थांब. सांगू नकोस," आई म्हणाली.

तिने विणणं थांबवलं. सुईवरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत नेला, मधेच थबकली, परत मागे आली. खाली बोट नेऊन सुटलेला फास चाचपला. सुईच्या टोकाने तो उचलायला गेली तर निसटला. पुन्हा गेली, पुन्हा निसटला. लेकीने ओठ दाबून धरले. आईच्या कपाळावर आठी चढली, पण नजर भिंतीवरून हलली नाही. तिसऱ्या खेपेला फास सुईवर आला.

मग कुठे तिने खाली पाहिलं. तुकडा डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे धरला, पुन्हा जवळ आणला.

"बरोबर आहे ना?" तिने दुकानदारणीला विचारलं.

"पिळलाय जरासा. पण आला."

"पिळलाय होय," आई म्हणाली आणि तो पुन्हा काढून सरळ केला. मग लेकीकडे वळली. "बघितलंस? आज बोटांनी थाप मारली तर डोळे पकडतात. उद्या कोण पकडणार? आत्ताच बोटांना शहाणं करून ठेवते. तहान लागल्यावर विहीर खणायची का?"

दुकानदारणीचं हसू मावळलं. तिने एकदा लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते समजली. मग तिने कपाटातले काळे गुंडे काढून टेबलावर ठेवले.

लेकीला रडू आलं. सकाळपासून आवरून धरलेलं ते रडू होतं, पण आता त्यात भीती कमी होती. आपण आईला धीर द्यायला निघालो होतो, या विचाराने तिला स्वतःचंच हसू आलं. तिने ओढणीने नाक पुसलं.

"आणखी काही काकू?" पिशवी भरता भरता दुकानदारणीने विचारलं.

"हो. पांढरी दे. चांगली जाड. आणि तिच्या जोगत्या सुया."

लेकीला बरं वाटलं. म्हटलं, आली बाई वळणावर. "तेच सांगत होते मी. घरात विणायला पांढरीच बरी पडेल तुला."

"मला नाही, तुला."

"मला? अगं, मला कुठे येतं?"

आईने शेजारची खुर्ची पायाने बाहेर ढकलली आणि सुया तिच्या हातात दिल्या.

"बस इथे. तुझ्या चुका मला दिसताहेत तोवर शिकून घे."