मागची सीट

"काका, तुमच्या गाडीत भूत बसतं का?" मैत्रिणींशी पैज लागली होती, म्हणून तिने विचारलंच.

जीप धुणारा ड्रायव्हर हसला. "बसलंच तर घाटात त्यालाच उलट्या होतील, ताई."

उत्तरेकडच्या त्या थंड गावात ती एकटी आली होती. अख्ख्या वर्गात असं कुणी केलं नव्हतं, त्यामुळे दिवसभर बाजारात ती मान ताठ ठेवून हिंडली होती. उद्या याच जीपने डोंगरापलीकडे मामाकडे जायचं होतं.

मैत्रिणींना फोटो पाठवायचा म्हणून ती पुढच्या सीटवर चढली आणि आरशात बघून केस नीट करू लागली.

आरशात मागची सीट दिसत होती. तिथे तिच्याच लाल स्वेटरमधली एक मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. चेहराही तिचाच होता.

तिने झटकन वळून पाहिलं. सीट रिकामी होती. पण खिडकीच्या काचेवर श्वासाची वाफ धरत होती, विरत होती आणि पुन्हा धरत होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. "एकटीला भीती वाटत असेल तर सांग गं, बाबा निघतायत न्यायला."

तिने मान पुन्हा ताठ केली.

"बाबांना म्हणावं, झोपा निवांत. मी उद्या जाणार म्हणजे जाणार," ती म्हणाली. "फक्त पुढे बसेन. मागची सीट भरलीय."