गंधाचा आरसा

कीर्तन करता करता बुवा नाचत पुढे सरकले आणि पांढऱ्या चादरीवर रक्ताचा ठसा उमटला. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीला, मनोरमाबाईंना, तो दिसला. मधुमेहानं बुवांचे तळवे बधिर झालेले. त्यांना पत्ताच नव्हता. थोरल्या दिरांचा पाय अशाच जखमेनं गेला होता.

"थांबा हो!" त्या भर कीर्तनात ओरडल्या. तळव्यात हारातली टाचणी रुतली होती.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "रोज तळवे बघायला सांगितलं होतं ना?"

"राहून जातं," बुवा ओशाळले.

जखम भरली, पण बाईंची धास्ती जाईना. एका सकाळी बुवांनी आरशात बघून कपाळी गंध रेखलं, तोच बाईंनी आरसा त्यांच्या तळव्यांखाली धरला.

"अगं, आता पायांनाही गंध?"

"गंध कधी चुकवलंत? मग हेही चुकायचं नाही."

आता गंध लावून झालं, की बुवा आपणहून पाय उचलतात. आरसा बाई धरतात. दोन्ही तळवे स्वच्छ दिसले, की त्या "रामकृष्ण हरी" म्हणतात आणि मगच बिनसाखरेचा चहा टाकतात.