क्लचची जागा

"आधी डोळे मिट," मुक्ता म्हणाली आणि तिने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"एवढी वर्षं काय डोळे मिटून चालवली ही गाडी?" तिचे बाबा, हरीश, कुरकुरले, पण बसले. त्यांचा डावा पाय मुक्ताने दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. पक्षाघात झाल्यापासून तो असाच ठेवावा लागे, सामानासारखा.

तेव्हापासून त्यांची जुनी मस्टँगही कुवेतमध्ये, रिग्गईच्या घराखालच्या पार्किंगमध्ये झाकून उभी होती. टायर बसले, कार्बोरेटरमध्ये धूळ जाऊन साचली. एकेकाळी शुक्रवार उजाडला की खैरानच्या रस्त्यावर गुरगुरत सुटणारी गाडी! बाबा खिडकीतून तिच्याकडे बघत आणि पडदा ओढून घेत. तो पडदा मुक्ताला बघवेना.

शेवटी तिने गाडी शुवैखला अशरफच्या गॅरेजमध्ये टाकली. नुसत्या दुरुस्तीने भागणार नव्हतं. तिचा हिशोब सरळ होता. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरला उजवा पाय पुरतो. अडतं ते क्लचपाशी. मग क्लचच नको. अशरफने जुना गिअरबॉक्स उतरवून ऑटोमॅटिक चढवला.

"हं, उघड आता."

हरीशनी डोळे उघडले. अशरफने इंजिन आधीच चालू करून ठेवलं होतं. बॉनेट थरथरत होतं, आणि तीच थरथर स्टिअरिंगमधून त्यांच्या हातात आली.

"चाचा, शेरनी जाग गई!" अशरफ ओरडला.

किती दिवसांनी बाबा हसले. त्यांचा उजवा हात सवयीने गिअरवर गेला. आणि डावा पाय हलला.

मुक्ताने स्वतः पाहिलं. जाब्रियाच्या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट रोज विनवायची, "काका, नुसता अंगठा हलवा." तेव्हा तसूभरही न हललेला पाय. टाच सुटली, पाऊल पुढे सरकलं आणि क्लचच्या जागी जाऊन दाबलं गेलं.

तिथे कोरं कारपेट होतं. पाऊल क्षणभर चाचपडलं आणि बाजूला कलंडलं.

"बाबा, परत कर!"

"काय परत करू?"

"पाय. तुझा डावा पाय हलला आत्ता."

हरीशनी खाली पाहिलं. कपाळाची शीर फुगेपर्यंत जोर लावला. पाय तसाच पडून राहिला.

"क्लच काढलास होय?" त्यांनी विचारलं.

"तुला सोपं जावं म्हणून..."

"बरं केलंस. आता कुणालाही चालवता येईल."

मुक्ता दारापाशी गुडघ्यांवर बसली. हात आत घालून तिने ते पाऊल सरळ केलं आणि क्लच जिथे असायचा, त्याच उंचीवर आपला तळहात तळव्याला टेकवून धरला.

"दाब, बाबा," ती म्हणाली.

इंजिन धडधडत होतं.