तुर्दाकुन अतांची पसंती

तुर्दाकुन अता पुन्हा एकदा स्वतःच्या अर्धपुतळ्याभोवती फिरले आणि त्यांना खोट सापडेना.

मेदेर श्वास रोखून उभा होता. याच म्हाताऱ्याच्या तोंडून एकदा ‘जमलं’ ऐकायचं, एवढ्यासाठी तो इतकी वर्षं दगड घासत होता. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा तेव्हा अतांनी हा दगड त्याच्या अंगणात आणून टाकला होता. स्वतःच्या कबरीसाठी, जिवंतपणीच. “मेल्यावर पोरं स्वस्तातलं काहीतरी उरकतील,” असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून दर वसंतात ते घोड्यावरून यायचे, पुतळ्याला नावं ठेवायचे, घोडीच्या दुधाचा कुमिस प्यायचे आणि जायचे. कधी कान बोकडाचे, कधी मिशी शेजाऱ्याची. त्या मिशीपायी मेदेर चेहरे रेखाटायला शिकला, कानांपायी छिन्नी धरायला. पुढे बिश्केकला त्याच्या चित्रांची प्रदर्शनं लागली, चौकांत त्याचे पुतळे उभे राहिले.

“अख्ख्या राजधानीनं वाखाणलं,” बायको बर्मेत म्हणायची, “आणि तुम्ही एका मेंढपाळाचं काय घेऊन बसलात?”

“जमलं,” अखेर आज अता म्हणाले.

मेदेरने टोपी आभाळात भिरकावली. बर्मेतला उचलून अंगणभर गिरक्या घेतल्या. घोडा बुजला, कोंबड्या उधळल्या. बर्मेत हसून हसून बेजार झाली.

गिरक्या थांबल्या तेव्हा अता बाकावर बसले होते. कुमिसचा वाडगा तसाच भरलेला होता.

“घ्या ना, अता.”

“नको रे. कबरीचा दगड तयार झाला की माणसानं रेंगाळू नये. चार घरी जाऊन निरोप घेतो.”

बर्मेतचं हसू मावळलं. मेदेरने अतांकडे पाहिलं, मग पुतळ्याकडे. इतकं सुंदर काम त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं. त्याने हातोडा उचलला आणि सारं बळ एकवटून हाणला. नाक उडून कोंबड्यांत जाऊन पडलं.

“अहो!” बर्मेत किंचाळली.

अता ताडकन उठले. पुतळ्याजवळ गेले, वाकून पाहिलं. वाडगा एका दमात रिकामा केला, मिशी पुसली आणि पोरासारखी घोड्यावर मांड टाकली.

“गाढवा, सगळ्या चेहऱ्याचा सत्यानाश केलास!” घोड्याला टाच मारत ते आनंदाने ओरडले. “आता नवा दगड बघ. चांगला मोठा बघ. आणि सावकाश कर, मला काही घाई नाही!”