आंधळा पहारेकरी

"काकू, तुमच्या कॉम्प्युटरात जत्रा भरलीय," उज्वला म्हणाली. "एक्केचाळीस घुसखोर!"

मंगलाबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. "जत्रेला मी आमंत्रण दिलं नव्हतं. हाकल सगळ्यांना."

उज्वला पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजमधले कॉम्प्युटर सांभाळी आणि इंदिरानगरात मंगलाबाईंच्या मागच्या गल्लीत भाड्याने राही. रविवार असल्याने ती सकाळीच सीडी घेऊन आली होती. सीडीवर हेरगिरी पकडणारे तीन प्रोग्राम होते, तिन्ही फुकटचे. एकत्र ठेवले तर ते आपसांतच भांडतात, म्हणून तिन्ही चालवून पाहायचे आणि एक निवडायचा, असे ठरले होते.

तक्रार साधी होती. पंधरा दिवसांपासून मंगलाबाईंची बोटे पुढे जात आणि अक्षरे मागून रखडत येत. कालचे पत्र तर अर्ध्यातच गोठले. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षे मराठी टंकलेखिका म्हणून काढलेल्या बाईला हे खपण्यासारखे नव्हते. पूजा आटोपली की त्या रोज एक पत्र टाइप करीत, एकवार वाचीत आणि पुसून टाकीत.

"पाठवायचंच नाही, तर लिहायचं कशाला?" उज्वलाने विचारले.

"बोटं आखडू नयेत म्हणून."

"आणि मराठी फाँट असताना इंग्रजी अक्षरांत? तुम्ही तर मराठीच्या टायपिस्ट!"

"तू आपलं काम बघ."

कॉम्प्युटर रविराजने, त्यांच्या मुलाने, आणला होता. दोन वर्षांपूर्वी, बंगळूरला परतण्याच्या आदल्या दिवशी, आईला शेजारी बसवून दुपारभर त्यानेच तो जोडून दिला. त्याच रात्री 'आई, आता माझ्याकडे चल' यावरून शब्दाला शब्द लागला. "यापुढे माझ्याकडून तुला एक ओळही येणार नाही," असे मंगलाबाईंनी दारात उभ्या राहून सांगितले. दिलेला शब्द मोडणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. तोही त्यांचाच मुलगा होता. फोन रोज पुसला जाई. वाजत मात्र नसे.

"गुडघ्याचा पट्टा नवा दिसतोय. लय भारीतला!" दुसरा प्रोग्राम चालू करता करता उज्वला म्हणाली.

"कुरिअरने आला."

"कुणी पाठवला?"

"वर नाव नव्हतं."

एवढ्यात पडद्यावर लाल चौकट उमटली. उज्वला पुढे झुकली. तिची थट्टा थांबली.

"काकू, हा बेचाळिसावा वेगळाय. बाकीचे जाहिराती दाखवणारे भुरटे. हा तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण, त्यावरच्या इंग्रजी अक्षरानं, टिपतो आणि रोज दुपारी ईमेलने कुणाला तरी पाठवतो. तुम्ही पुसलेलंसुद्धा! तुमची सगळी पत्रं कुणीतरी वाचतंय!"

मंगलाबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "मघाशी पहिल्या प्रोग्रामने हे कसं सांगितलं नाही?"

"त्याला दिसलाच नाही. थांबा, तिसरा लावते."

तिसऱ्यालाही तो सापडला. उज्वलाने माऊसवर बोट ठेवले. "उडवू?"

"हात काढ."

उज्वलाने दचकून हात मागे घेतला.

"पहिल्याने ते एक्केचाळीस काढले, तर अक्षरं वेळेवर उमटतील?"

"उमटतील. पण..."

"मग पहिलाच ठेव. दुसरा आणि तिसरा पुसून टाक."

"अहो काकू, तोच तर आंधळा आहे! चोर घरात ठेवून पहारेकरी नेमण्यासारखं झालं हे."

"माझ्या घरात कोण राहील, ते मी ठरवते."

उज्वलाने सांगितल्याप्रमाणे सगळे केले, चहा घेतला आणि मान हलवीत ती निघून गेली. मंगलाबाईंनी दाराला कडी घातली. भिंतीवरच्या घड्याळाखेरीज घरात कोणी बोलत नव्हते. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. अक्षरे आता बोटांबरोबर धावत होती.

'चि. रविराज यास अनेक आशीर्वाद. पट्टा गुडघ्याला नेमका बसला. तू बसवून गेलेला प्रोग्राम आज उज्वला काढणार होती. मी काढू दिला नाही. कालचे पत्र अर्धेच मिळाले असेल, म्हणून उरलेले आज लिहिते.'

पत्र पूर्ण झाल्यावर मंगलाबाईंनी ते एकवार वाचले आणि दिलेल्या शब्दाला जागून, न पाठवता, पुसून टाकले.